फेरोमॅग्नेट आणि न्यूट्रॉन : गोव्यातून ट्रॉम्बेला नमुना नेणाऱ्या नवख्यांसाठी

फेरोमॅग्नेट (ज्यात अणूंचे छोटे चुंबक एकाच दिशेने उभे असतात) न्यूट्रॉनच्या किरणात ठेवला की विवर्तनाच्या आलेखात नवीन शिखरं उगवत नाहीत. इथेच नवखा फसतो. अँटिफेरोमॅग्नेटचं (शेजारशेजारचे चुंबक उलटसुलट) काम सोपं असतं: मँगनीज ऑक्साइड थंड केल्यावर शल आणि स्मार्ट या भौतिकशास्त्रज्ञांना १९४९ साली जी जादा शिखरं दिसली, ती एक्स-रेच्या आलेखात नव्हतीच. ती चुंबकीय आहेत याबद्दल वादाला जागा राहिली नाही. फेरोमॅग्नेटमध्ये चुंबकाची एकक पेशी (पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा ठोकळा) आणि स्फटिकाची एकक पेशी एकच, त्यामुळे चुंबकीय तीव्रता अणुकेंद्रीय शिखरांच्याच डोक्यावर जाऊन बसते. म्हणजे हे सगळं काम वजाबाकीचं: थंड, चुंबकीय अवस्थेच्या आलेखातून गरम, चुंबकत्व गेलेल्या अवस्थेचा आलेख वजा. वजा काय करायचं ते नमुना बनवण्याआधी ठरलेलं नसेल, तर ट्रॉम्बेला (मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात) जाऊन हाती येणारा आलेख देखणा असतो आणि निरुपयोगी असतो.

गोवा विद्यापीठात किंवा गोव्यातल्या एखाद्या कॉलेजात एमएस्सीचा प्रकल्प वा पीएचडी करणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. उदाहरण म्हणून लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट घेऊ (लँथॅनम ०.७, स्ट्रॉन्शियम ०.३, मँगनीज १, ऑक्सिजन ३). हवेत बनतं, महाग नाही, आणि त्याचं क्युरी तापमान (ज्याच्या वर फेरोमॅग्नेटपण नाहीसं होतं ते) सुमारे ३७० केल्विन आहे.

आधी कागदावर हिशेब

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण स्वतःचा चुंबकीय मोमेंट आहे: उणे १.९१३ न्यूक्लियर मॅग्नेटॉन. अणूतल्या जोडी न जुळलेल्या इलेक्ट्रॉनांशी तो त्यामुळेच बोलतो. हिशेबाला लागणारा आकडा एकच. अणूच्या दर १ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या मोमेंटचं एकक) मोमेंटमागे चुंबकीय विखुरण-लांबी, म्हणजे न्यूट्रॉन किती जोराने विखुरतो याचं माप, २.६९५ फेमटोमीटर. तिची तुलना अणुकेंद्रीय विखुरण-लांबीशी करायची: लोखंड ९.४५, निकेल १०.३, कोबाल्ट २.४९, मँगनीज उणे ३.७३ फेमटोमीटर.

दोन नियम कायम डोक्यात ठेवा. पहिला: मोमेंटचा जो भाग विखुरण-सदिशाला (विखुरताना न्यूट्रॉनच्या गतीत झालेल्या बदलाची दिशा आणि माप) काटकोनात असतो तेवढाच न्यूट्रॉनला दिसतो. चुंबकक्षेत्र न लावलेल्या पावडरमध्ये दिशांची सरासरी घेतली की तीव्रतेत २/३ हा गुणक येतो. दुसरा: चुंबकीय विखुरण इलेक्ट्रॉनांच्या पसरट ढगापासून होतं, म्हणून मोठ्या कोनांवर ते झपाट्याने मावळतं. मँगनीजसाठी विखुरण-सदिश ५ प्रति अँगस्ट्रॉम झाला की फॉर्म फॅक्टर (या मावळण्याचं माप, शून्य कोनाला १) ०.२७ वर येतो, आणि तीव्रतेत त्याचा वर्ग लागतो, म्हणजे जेमतेम ७ टक्के. चुंबकत्व शोधायचं ते आलेखाच्या डाव्या टोकाला.

आता निकेल घ्या. मोमेंट ०.६ बोर मॅग्नेटॉन, पहिल्या शिखरावर फॉर्म फॅक्टर साधारण पाऊण. चुंबकीय लांबी आली १.२ फेमटोमीटर. अणुकेंद्रीय तीव्रता १०.३ चा वर्ग म्हणजे १०६, चुंबकीय तीव्रता १.२ च्या वर्गाच्या २/३ म्हणजे १ च्या आसपास. साधा एक टक्का! तो दहा टक्के अचूकतेने मोजायचा तर दोन्ही तापमानांना त्या शिखरावर सुमारे २० लाख न्यूट्रॉन मोजावे लागतील. त्यातही निकेलचं क्युरी तापमान ६३० केल्विनच्या आसपास, आणि तिथपर्यंत तापवताना अणूंच्या थरथरण्यानेच शिखर एका टक्क्याहून जास्त बदलतं. साध्या न्यूट्रॉन पावडर-विवर्तनाने निकेलचा मोमेंट काढायला निघू नये.

मँगनाइटचं उलट. रचना आदर्श घन पेरोव्हस्काइट मानून १०० शिखराचा (१००, ११० ही स्फटिकातल्या प्रतलांची नावं) संरचना-गुणक, म्हणजे पेशीतल्या सगळ्या अणूंच्या विखुरण-लांब्यांची चिन्हांसह बेरीज, काढला तर उणे ५.८ फेमटोमीटर येतो, वर्ग ३४. मोमेंट ३.५ बोर मॅग्नेटॉन आणि फॉर्म फॅक्टर ०.८६ धरला तर चुंबकीय भाग ४४. शिखर सव्वादोनपटीहून मोठं होतं. ११० शिखराची गंमत तर आणखी. एक्स-रेत हे मँगनाइटचं सर्वांत उंच शिखर. न्यूट्रॉनसाठी मात्र मँगनीजची लांबी उणे असल्यामुळे बेरीज उणे १.६६ वर येते, वर्ग जेमतेम २.८, आणि चुंबकीय भाग ३३. एक्स-रे बघून आलेल्याला वाटतं नमुना बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं. गरम अवस्थेत ते शिखर जवळजवळ नसतंच आणि थंड अवस्थेत जे दिसतं ते बहुतेक सगळं चुंबकत्व असतं. (खरी रचना किंचित तिरकी, रॉम्बोहेड्रल आहे, त्यामुळे आकडे थोडे हलतात आणि हे शिखर दोन शिखरांत फुटतं. हिशेबाचा मथळा तोच राहतो.)

हा अर्ध्या तासाचा हिशेब आपल्या पदार्थासाठी करा. चुंबकीय भाग पाच टक्क्यांच्या खाली आला, तर दुसरी पद्धत शोधा.

वजन करण्याआधी लँथॅनम ऑक्साइड भाजा

गोव्याच्या हवेत या पायरीला सर्वांत जास्त जागा द्यावी लागते. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हावरटासारखं ओढून घेतं. जून ते सप्टेंबरात उघडी बाटली काही दिवसांत पांढरी पावडर म्हणून तशीच दिसते, पण आत हायड्रॉक्साइड झालेलं असतं. ते पूर्ण झालं तर वजन १६.६ टक्क्यांनी वाढतं; म्हणजे ऑक्साइड समजून तोललेल्या वजनात लँथॅनम १४ टक्के कमी. मग स्ट्रॉन्शियमचं प्रमाण ०.३ राहत नाही, क्युरी तापमान सरकतं, आणि मँगनीज ऑक्साइडचा दुसरा फेज (वेगळ्या रचनेचा भाग) निघतो.

म्हणून लँथॅनम ऑक्साइड ९०० ते १००० अंश सेल्सियसला रात्रभर भाजा, भट्टीतून दोनेकशे अंशांना काढून थेट डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि थंड होताच तोला. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी, ते आधी बघा. स्ट्रॉन्शियम कार्बोनेट आणि मँगनीज ऑक्साइडही १५० ते २०० अंशांना वाळवून घ्यावं.

१५ ग्रॅम माल हवा असेल तर: लँथॅनम ऑक्साइड ७.५५ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २.९३ ग्रॅम, मँगनीज(३) ऑक्साइड ५.२३ ग्रॅम. अगेटच्या खलात तासभर घोटा. लोखंडी खल किंवा स्टीलचे बॉल टाळा, त्यांचा कीस चुंबकीय असतो. १००० अंशांना १२ तास, पुन्हा घोटून १२०० अंशांना १२ तास, मग गोळ्या दाबून १३०० ते १३५० अंशांना २४ तास, आणि सावकाश थंड. पावसात वीज मध्येच जाते. गोळी वरच्या तापमानावरून झपकन थंड झाली तर ऑक्सिजन कमी राहू शकतो, तेव्हा शेवटची भाजणी पुन्हा करणं बरं. अख्ख्या १५ ग्रॅमचा एकच घाणा काढा. तीन-तीन ग्रॅमचे पाच घाणे एकत्र केले की पाच किंचित वेगळी क्युरी तापमानं एकत्र होतात आणि संक्रमण पसरट दिसतं.

गोळ्या आठवडाभरात आपोआप भुगा होऊ लागल्या तर लँथॅनम ऑक्साइड मोकळं राहिलं आहे असं समजा. ते ओल खाऊन फुगतं आणि गोळी फोडतं.

ट्रॉम्बेच्या आधी घरची तपासणी

एक्स-रे विवर्तनाने फेज शुद्ध आहे का ते बघा. मग मॅग्नेटोमीटरवर दोन मोजण्या: तापमानानुसार चुंबकन, आणि नीच तापमानाला चुंबकक्षेत्रानुसार चुंबकन. ग्रॅममागे आलेला ईएमयूचा (मॅग्नेटोमीटरवरचं चुंबकनाचं एकक) आकडा सूत्र-वजनाने गुणून ५५८५ ने भागला की बोर मॅग्नेटॉन मिळतात. आपल्या मँगनाइटचं सूत्र-वजन २२६.५; ३.५ बोर मॅग्नेटॉन म्हणजे ग्रॅममागे ८६ ईएमयूच्या जवळपास. हा आकडा खिशात असू द्या. न्यूट्रॉनने काढलेला मोमेंट याच्याशी भिडवायचा आहे, आणि दोन्ही जुळले नाहीत तर खरी माहिती बहुधा त्या फरकातच असते: काही मोमेंट तिरके उभे आहेत, काही भाग चुंबकीय झालाच नाही, किंवा मॅग्नेटोमीटरला दुसऱ्याच अशुद्ध फेजचं चुंबकन दिसतं आहे.

किती पावडर, कसली डबी

एक्स-रेला चिमूटभर पुरते. इथे ग्रॅम लागतात. व्हॅनेडियमची ६ मिलिमीटर व्यासाची डबी ५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली की आकारमान १.४ घन सेंटिमीटर होतं. ठोकून भरल्यावर ६० टक्के पावडर आणि घनता ६ धरली तर ५ ग्रॅम. दुप्पट न्या. व्हॅनेडियम यासाठी, की त्याची सुसंगत (शिखरं घडवणारी) विखुरण-लांबी उणे ०.३८ फेमटोमीटर, जवळजवळ शून्य. डबीची स्वतःची शिखरं दिसत नाहीत. क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड करणाऱ्या भांड्याच्या) ॲल्युमिनियमची मात्र दिसतात, ती कुठे येतात ते आधी काढून ठेवा.

भरण्याआधी पावडर वाळवा. हायड्रोजनचा असुसंगत (शिखरं न देता सपाट पसरणारा) विखुरण-छेद ८० बार्न आहे; छेद म्हणजे न्यूट्रॉनला अणू केवढा दिसतो ते, आणि बार्न हे त्याचं एकक. ५ ग्रॅम मँगनाइटमध्ये वजनाने फक्त १ टक्का पाणी शिरलं, तर त्या पाण्याचं सपाट विखुरण अख्ख्या नमुन्याच्या सुसंगत विखुरणाइतकं होतं. आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली गेलेली दिसली की यंत्राला दोष देण्याआधी ओल आठवा. नीच तापमानासाठी डबीत थोडा हीलियम भरून इंडियमच्या तारेने तोंड बंद करतात. हीलियम नसेल तर पावडर तापमापकाइतकी थंड होतच नाही.

शोषणही तपासा. १.८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला गॅडोलिनियमचा शोषण-छेद ४९,७०० बार्न आहे, म्हणून साधा गॅडोलिनियम विसरा. कोबाल्ट ३७, मँगनीज १३, इंडियम १९४. हे आकडे तरंगलांबीच्या प्रमाणात कमीजास्त होतात. आपला मँगनाइट ६ मिलिमीटरच्या डबीत ९० टक्के न्यूट्रॉन आरपार सोडतो. निकेल-मँगनीज-इंडियमच्या, १५ टक्के इंडियम असलेल्या मिश्रधातूत निम्मेही पार होत नाहीत. तिथे बारीक डबी आणि शोषणाची दुरुस्ती, दोन्ही लागतात.

अर्ज आणि प्रवास

विद्यापीठातल्या लोकांसाठी वाट यूजीसी-डीएई कन्सोर्शियमच्या (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची संयुक्त संशोधन संस्था) मुंबई केंद्रातून जाते. भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी, १९८५ पासूनची, १०० मेगावॉटची. तिच्या भोवती पावडर डिफ्रॅक्टोमीटर, लघुकोन विखुरण आणि ध्रुवित न्यूट्रॉनची यंत्रं आहेत. कन्सोर्शियमचं डिफ्रॅक्टोमीटर १.४८ अँगस्ट्रॉमवर चालतं. अर्जात चार गोष्टी ठळक लिहा: वर केलेला हिशेब, नमुन्याचं वजन, कोणत्या तापमानांना मोजायचं ती यादी, आणि मॅग्नेटोमीटरचा आलेख. "चुंबकीय रचना अभ्यासणे" एवढ्यावर वेळ मागू नये.

प्रवेशपरवान्याला आठवडे लागतात, अणुभट्टी अधूनमधून बंद असते. तारीख पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. मडगावहून रात्रीची कोकणकन्या धरली तर पनवेलला उतरून हार्बर लोकलने मानखुर्द गाठता येतं. पावडर दुहेरी झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह, वर रासायनिक नाव आणि वजन लिहून. मोबाइल आणि पेनड्राइव्ह आत चालणार नाहीत असंच धरून चला, सूत्रं आणि शिखरांच्या जागा कागदावर छापून न्या.

मोजणी : गरम आधी

पहिला आलेख क्युरी तापमानाच्या बराच वर घ्या. आपल्या मँगनाइटसाठी ४०० केल्विन किंवा जास्त, कारण ३०० केल्विनला तो आधीच फेरोमॅग्नेट असतो. खोलीच्या तापमानाचा आलेख अणुकेंद्रीय पाया म्हणून वापरणं ही नेहमीची चूक, आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही. साधा क्रायोस्टॅट इतका वर जात नसेल तर भट्टीची सोय आहे का, ते अर्ज करतानाच विचारायचं. तेही जमणार नसेल तर पदार्थ बदला: स्ट्रॉन्शियमऐवजी कॅल्शियम ०.३ घेतला की क्युरी तापमान २५० केल्विनच्या आसपास येतं आणि खोलीचं तापमान हाच गरम आलेख होतो.

एका आलेखाला काही तासांपासून अख्खी रात्र लागू शकते. म्हणून वीस तापमानांचा मोह सोडा. एक गरम आलेख, एक सर्वांत थंड, दोन्ही भरपूर वेळ. मधल्या तापमानांना फक्त १०० आणि ११० भोवतीचा पट्टा. १.४८ अँगस्ट्रॉमला ही शिखरं सुमारे २२ आणि ३१ अंशांवर येतात. आलेख वेळेवर समान करू नका, मॉनिटरच्या (येणारा किरण मोजणाऱ्या यंत्राच्या) मोजणीवर करा, कारण अणुभट्टीची शक्ती दिवसभर एकसारखी राहत नाही. डबी एकदा बसवली की हलवायची नाही. सुरुवातीला सिलिकॉनसारख्या प्रमाणित पावडरने तरंगलांबी आणि शून्य-कोन ठरवून घ्या.

काटकोनाचा नियम डोळ्यांनी बघायचा असेल तर मांडवीतल्या बार्जांतून जाणाऱ्या लोहखनिजाइतकं चांगलं उदाहरण नाही. हेमॅटाइट मुळात अँटिफेरोमॅग्नेट. सुमारे २६० केल्विनच्या वर त्याचे मोमेंट आडव्या प्रतलात झोपलेले असतात आणि किंचित तिरके असल्यामुळे दुबळं फेरोमॅग्नेटपण येतं. त्याचं ००३ शिखर, १.४८ अँगस्ट्रॉमला १८.६ अंशांवर, चुंबकीय आहे. थंड केलं की मोमेंट उभ्या अक्षाकडे वळतात, विखुरण-सदिशाला समांतर होतात, आणि शिखर नाहीसं होतं. चुंबकत्व तसंच असतं, फक्त न्यूट्रॉनला दिसेनासं होतं. यासाठी शुद्ध रासायनिक हेमॅटाइट घ्या. खाणीतल्या मालात गोएथाइट (हायड्रोजन असलेलं लोहखनिज) असतं, म्हणजे पुन्हा हायड्रोजन आला, आणि अशुद्धींमुळे हे संक्रमण खाली ढकललं जातं.

रिफाइनमेंट

रिफाइनमेंट म्हणजे रचनेचं गणिती प्रारूप आलेखावर बसवणं. त्यासाठी फुलप्रोफ किंवा जीसॅस-२, कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. क्रम मात्र पाळा. गरम आलेखात फक्त अणुकेंद्रीय फेज बसवा: स्केल, पार्श्वभूमी, पेशीची मापं, शिखरांची रुंदी, ऑक्सिजनची जागा, औष्णिक घटक (अणूंच्या थरथरण्याचं माप). मग थंड आलेखात तीच रचना घेऊन दुसरा, चुंबकीय फेज जोडा. प्रसरण-सदिश शून्य (म्हणजे चुंबकाची पेशी स्फटिकाचीच), मँगनीजवर मोमेंट. दोन्ही फेजचं स्केल एकमेकांशी बांधलेलं असलंच पाहिजे. ते सुटं राहिलं तर मोमेंट म्हणून काहीही आकडा येतो आणि बसवणी तरी सुंदर दिसते.

औष्णिक घटक आणि मोमेंट एकाच वेळी मोकळे सोडले की ते एकमेकांचं काम करू लागतात. मोठ्या कोनांवर चुंबकीय भाग नसतो, म्हणून औष्णिक घटक तिथून ठरवा, गोठवा, आणि मगच मोमेंट सोडा. ३.५ च्या जागी ४.६ आले तर आनंदू नका, कारण ०.३ स्ट्रॉन्शियमच्या मँगनाइटमध्ये इलेक्ट्रॉनच ३.७ बोर मॅग्नेटॉनपुरते आहेत.

रचना घन असेल तर पावडरवरून मोमेंटची दिशा सांगता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ शिराने यांनी हे १९५९ मध्ये दाखवलं आहे, तरी प्रबंधांत बाण काढलेली चित्रं येतच राहतात. मोमेंट किती ते सांगा, दिशेबद्दल गप्प बसा.

एक टक्क्याचं काय?

निकेलसारख्यांसाठी ध्रुवित न्यूट्रॉन. एकाच दिशेने स्पिन असलेले न्यूट्रॉन सोडले की अणुकेंद्रीय आणि चुंबकीय लांब्यांची आधी बेरीज किंवा वजाबाकी होते आणि मग वर्ग. निकेलसाठी १०.३ अधिक १.२ आणि १०.३ उणे १.२, म्हणजे ११.५ आणि ९.१; वर्गांचं गुणोत्तर जवळजवळ १.६. एक टक्क्याचा फरक साठ टक्क्यांवर गेला, आणि नमुना तापवायचीही गरज नाही, फक्त स्पिन उलटवायचा.

अट अशी की नमुना चुंबकक्षेत्रात पूर्ण संपृक्त हवा. डोमेन (एकाच दिशेने चुंबकन असलेले तुकडे) विखुरलेले राहिले तर प्रत्येक डोमेन न्यूट्रॉनचा स्पिन वेगळ्या दिशेला वळवतो आणि किरणाचं ध्रुवण पुसलं जातं. (याच दोषाचं हत्यार करून डोमेनचा आकार मोजतात, त्याला न्यूट्रॉन डीपोलरायझेशन म्हणतात.) दुसरी अडचण यांत्रिक: सुट्या पावडरचे कण क्षेत्रात स्वतःच फिरून रांगेत लागतात. गोळी दाबून न्या. गोंदाने चिकटवायचं तर हायड्रोजन नसलेला, फ्लोरिनयुक्त गोंद.

क्युरी तापमानाजवळचे मोठे चढउतार बघायला लघुकोन विखुरण, आणि स्पिन-लाटांची ऊर्जा मोजायला ट्रिपल-ॲक्सिस यंत्र लागतं. दुसऱ्यासाठी बहुधा मोठा एकस्फटिक हवा, तेव्हा पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

नमुना परत आणताना

किरणात राहिलेली पावडर थोडी किरणोत्सारी होते, आणि तपासणीशिवाय बाहेर येत नाही. मँगनीज-५६ चं अर्धायुष्य अडीच तासांचं, एका दिवसात संपल्यात जमा. लँथॅनम-१४० चं ४० तास. दहा अर्धायुष्यं म्हणजे १७ दिवस. कोबाल्ट असेल तर कोबाल्ट-६० तयार होतं, ५.२७ वर्षांचं, आणि तो नमुना बराच काळ तिथेच राहू शकतो. म्हणून १५ ग्रॅमपैकी ५ ग्रॅम आधीच गोव्यात, डेसिकेटरमध्ये ठेवून निघा. परतल्यावर मॅग्नेटोमीटरची मोजणी पुन्हा करायची वेळ येतेच.